पाणसळकाकांचे साडेनऊ लिटर

ऑपरेशनचं टेबल मी खाली घेतलं आणि रुग्णाच्या अंगातलं रक्त संपलं.

संपलं नव्हतं अर्थात. पण पडद्यावर तसं दिसत होतं, आणि ऑपरेशन थिएटरात पडद्यावर दिसेल ते खरं असतं. रुग्ण बिचारा भूल देऊन झोपवलेला. त्याला विचारणार कोण?

यकृत बदलण्याचं ऑपरेशन चाललं होतं. सकाळचे साडेअकरा वाजलेले. उंच सर्जन चहाला गेले आणि टाके घालायला त्यांच्या जागी बुटके सर्जन उभे राहिले. "टेबल खाली घे रे," ते म्हणाले. नोकरीला लागून मला तीन महिने झाले होते आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच मला कुणीतरी थेट काम सांगत होतं. त्या आनंदात मी बटण दाबलं ते टेबल चांगलं वीतभर खाली गेल्यावरच सोडलं. रुग्ण खाली आला, चादरी खाली आल्या, बुटके सर्जन खूश झाले. एकटी डबी तेवढी वर राहिली.

ही डबी काड्यापेटीएवढी असते. रुग्णाच्या शिरांमधून आणि धमनीतून निघालेल्या बारीक नळ्या तिच्यापर्यंत येतात, आणि ती रक्ताचा दाब मोजून पडद्याला कळवते. तिचं इंग्रजी नाव इतकं लांब आहे की ते उच्चारून होईतो रुग्ण बरा होऊन घरी जाईल, म्हणून आम्ही सगळे डबीच म्हणतो. ती एका खांबाला चिमट्यात अडकवलेली असते आणि तिची अट एकच: मला हृदयाच्या बरोबर उंचीला ठेवा. रुग्ण खाली आणि डबी वर असं झालं, की ती सगळे दाब कमी दाखवते.

तर शिरेतला दाब पडद्यावर उणे सहा. उणे! शाळेत मला ऋण संख्या कधी समजल्या नाहीत, त्या दिवशी एका क्षणात समजल्या.

"रक्त कुठे जातंय?" भूल देणाऱ्या मॅडम ओरडल्या. "पोटात बघा!"

"पोटातच बघतोय," बुटके सर्जन म्हणाले. "कोरडं आहे."

"नीट बघा!"

"अहो मॅडम, पोट आहे हे, विहीर नव्हे. असतं तर दिसलं असतं."

मॅडमनी दाब चढवणारं औषध वाढवलं आणि रक्ताची पिशवी लटकवून ती दाबायला मलाच लावली. मीही आपला जीव तोडून दाबत होतो. ज्याच्यामुळे आग लागली तोच बादली घेऊन सगळ्यांत पुढे, अशातली गत.

चार मिनिटांनी, ही डबी ज्यांच्या ताब्यात ते पाणसळकाका डबा अर्धा खाऊन आले. त्यांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. आधी टेबलाकडे पाहिलं, मग डबीकडे, मग माझ्याकडे. मग चिमटा सैल करून डबी वीतभर खाली आणली. उणे सहाचे नऊ झाले. धमनीतला दाब मात्र आता भलताच चढला होता, कारण मॅडमनी दिलेलं औषध काही उणे झालं नव्हतं. तो उतरवायला आणखी दहा मिनिटं गेली. रुग्णाला काही झालं नाही. तो झोपलेलाच होता.

"टेबल कुणी हलवलं?" काकांनी मला हळूच विचारलं.

"आपोआप खाली गेलं वाटतं," मी म्हणालो.

"टेबलाला पाय आहेत खरे, पदवीधर. पण ते चालायचे नाहीत."

पदवीधर म्हणजे मी. मी पदवीधर नाही, लहान गावातल्या शाळेतून कसाबसा सुटून दोन वर्षांची पदविका केलेला तंत्रज्ञ आहे. पण ज्याच्याकडे कागद आहे त्याला काका पदवीधरच म्हणत. त्यांच्याकडे कागद नव्हता. एकोणिसाव्या वर्षी ते या रुग्णालयात गॅसची नळकांडी ढकलायला लागले. ढकलता ढकलता थिएटरच्या दारात आले, दारातून आत आले आणि आत आल्यावर बाहेर जायचं विसरले. भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या तीन पिढ्यांनी त्यांना थोडं थोडं शिकवलं, आणि त्यांनी त्या तीन पिढ्यांना थोडं थोडं सांभाळलं. इथे यकृतं बदलायला लागले त्या पहिल्या दिवसापासून डबी त्यांच्याकडे.

त्यांना सगळे पाणसळकाका म्हणायचे. डबी हृदयाच्या उंचीला आहे की नाही हे बघायला आमच्याकडे लाल किरण टाकणारं एक खेळणं आहे. काकांनी ते एकदाच वापरलं, मग त्यावर पांघरूण घातलं. त्यांचे वडील गवंडी. पारदर्शक नळीत पाणी भरून, तिचं एक टोक एका भिंतीला आणि दुसरं दुसऱ्या भिंतीला धरून ते विटांच्या ओळी सरळ घेत. त्या नळीलाच ते पाणसळ म्हणत. काकांनी सलाईनच्या नळीचा हातभर तुकडा घेऊन तसलीच पाणसळ केली होती. एक टोक झोपलेल्या माणसाच्या बगलेखाली छातीच्या मध्यावर, दुसरं डबीला. पाणी दोन्हीकडे एका रेषेत आलं की म्हणायचे, "हं. आता बोल." हे ते डबीला म्हणत.

त्यांचं दुसरं काम म्हणजे लिटर. हृदय मिनिटाला किती लिटर रक्त पुढे ढकलतं, ते मोजायचं. यकृताच्या ऑपरेशनात हा आकडा फार महत्त्वाचा, कारण मधे मोठमोठ्या शिरा बांधतात, सोडतात, आणि हृदयाला कळत नाही की आज आपल्याकडे पाहुणे किती आणि पंगत कधी. मोजायची रीत जुनी. मानेतून एक लांब नळी हृदयातून पार फुप्फुसाच्या धमनीपर्यंत सोडलेली असते. तिच्यातून बर्फात ठेवलेलं दहा मिलिलिटर सलाईन झटक्यात ढकलायचं. नळीच्या टोकाला असलेला तापमापक सांगतो की रक्त किती गार झालं आणि किती वेळ गार राहिलं. वाहत्या ओढ्यात गार पाण्याचा तांब्या ओतला तर गारवा क्षणात पुढे जातो, डबक्यात ओतला तर तिथेच बसून राहतो. तेवढंच आहे. पण ढकलायचं ते श्वास सोडून झाल्याच्या नेमक्या क्षणी, दर वेळी त्याच क्षणी, आणि चार-पाच वेळा. काका श्वासाच्या यंत्राचा भाता बघत उभे राहायचे, एखादा दाराआड लपून बसलेल्या पोराची वाट बघतो तसे. भाता खाली बसला की अंगठा जायचा. एखादा आकडा भलता आला तर स्वतःच म्हणायचे, "हा माझ्या हाताचा. खोडा."

त्या दिवशीचा अहवाल वर गेला. वर म्हणजे व्यवस्थापक साहेबांकडे. त्यांना आम्ही प्रगतीसाहेब म्हणतो, कारण त्यांच्या तोंडून प्रगती हा शब्द न येता वाक्य संपत नाही. लिफ्ट बंद पडली तेव्हाही ते म्हणाले होते, "जिने चढणं ही आरोग्याच्या दिशेने प्रगतीच आहे." अहवालात 'दाब मोजणाऱ्या यंत्रणेतील त्रुटी' असं लिहिलं होतं, आणि पाळीच्या तक्त्यावर त्या टेबलापुढे काकांचं नाव होतं. साहेबांनी दोन आणि दोन एकत्र केले आणि त्यांचं उत्तर आलं एक नवीन यंत्र.

हे यंत्र आधीच निवडून ठेवलेलं होतं. कारण तेवढं सापडायचं राहिलं होतं. ते मी पुरवलं.

यंत्र आलं ते निळ्या मखमलीच्या आच्छादनाखाली. त्याच्यासाठी सगळ्यांत चांगला प्लग रिकामा केला, वाऱ्याच्या झोताखालची जागा दिली, आणि त्याला कुणी बोट लावायचं नाही असं ठरलं. म्हणून नर्सबाईंनी त्याचं नाव जावईबापू ठेवलं. जावईबापूंना मानेतली नळी नको, बर्फ नको, गार पाणी नको. मनगटातल्या धमनीची लाट तेवढी दाखवा. त्या लाटेच्या आकारावरून, रुग्णाचं वय, उंची आणि वजन धरून, ते लिटर सांगणार. तेही मोठ्या हिरव्या अंकात, दर वीस सेकंदांनी, न थकता.

"दाराची कडी कशी वाजली त्यावरून घरात किती माणसं जेवायला आहेत ते सांगणार म्हणा," काका म्हणाले.

"असं नाही हं काका," कंपनीचा माणूस हसून म्हणाला. "आत खूप मोठं गणित आहे."

"असेल. मीही लग्न ठरवताना खूप गणित केलं होतं."

मॅडमनी सांगून पाहिलं. यकृत खराब झालेल्या माणसाच्या रक्तवाहिन्या सैल पडलेल्या असतात, लाटेचा आकार फसवा असतो, अशा रुग्णांत हे गणित चुकतं. प्रगतीसाहेबांनी मान डोलावली आणि म्हणाले, "म्हणूनच आपण तुलना करू. पुढच्या ऑपरेशनात दोन्ही पद्धती शेजारी शेजारी. जावई... हे, नवीन यंत्र समाधानकारक वाटलं की जुनी पद्धत थांबवू. काकांना खालच्या भांडारात छान खुर्ची देऊ. निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत, आता विश्रांतीच्या दिशेने प्रगती करू द्या त्यांना."

भांडार म्हणजे तळघर. खिडकी नाही, खोकी आहेत.

मी गोगलगायीच्या वेगाने शूर होतो, पण होतो. नवीन यंत्रासाठी नेमलेल्या समितीच्या बैठकीत हात वर केला आणि सांगून टाकलं की टेबल मी खाली घेतलं, डबी खाली घ्यायला मी विसरलो, काका तेव्हा जेवायला गेले होते आणि उलट त्यांच्यामुळेच निभावलं. मला वाटलं आता नोकरी गेली. प्रगतीसाहेब उठले, त्यांनी माझी पाठ थोपटली आणि इतिवृत्तात लिहून घेतलं: 'नवीन कर्मचाऱ्यांत मोकळेपणाची संस्कृती रुजत असल्याबद्दल समितीने समाधान व्यक्त केले.' मग पुढचा विषय घेतला. पुढचा विषय जावईबापूंच्या आच्छादनाची धुलाई हा होता.

रविवारी मी काकांच्या घरी गेलो. माफी मागायची होती. दार काकूंनी उघडलं.

"टेबलवाला का तू?" त्यांनी विचारलं.

"हो."

"ये. चपला काढ. त्या सरळ ठेव, नाहीतर हे येऊन ठेवतील."

काका बाहेर गेले होते. घरातलं प्रत्येक कपाट, प्रत्येक टेबल, पलंगाचा प्रत्येक पाय पुठ्ठ्याच्या घड्यांवर उभा होता. कुठे दोन घड्या, कुठे तीन. सूनबाई बाळाला घेऊन आतून आल्या. "पाळणा आणला तेव्हा बाबांनी दोन तास पाणसळ लावली," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, अहो बाबा, पाळणा आहे तो, हलणारच. तर म्हणाले, हलू दे, पण सरळ हलू दे."

काकू हसल्या नाहीत. त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "ते घड्याळ बघ."

घड्याळ चांगलंच डावीकडे कललेलं होतं.

"पाच दिवस झाले. मीच मुद्दाम वाकडं केलं, बघू म्हटलं काय करतात. त्याच्याखाली बसून चहा पितात, उठून जातात. हात लावला नाही. बाकी काही बोलत नाहीत रे. भांडारात बसवलं तर बसतील. पण तिथे या माणसाने करायचं काय? खोकी सरळ रचायची?"

माफी मागायची राहूनच गेली. काका आले तेव्हा मी मनाशी वाक्य जुळवत होतो. ते म्हणाले, "पदवीधर, तुझ्या चपला वाकड्या आहेत." आणि त्या त्यांनी सरळ केल्याही नाहीत, म्हणून मला अधिकच भीती वाटली.

तुलनेचा रुग्ण होता शाळेच्या बसचा चालक. त्याला अर्धं यकृत त्याची धाकटी बहीण देणार होती. सकाळी दोघांच्या खाटा शेजारी शेजारी लावल्या होत्या.

"दादा," ती म्हणाली, "लहानपणी माझी खेळणी न विचारता घ्यायचास. आज पहिल्यांदा सही करून घेतोयस."

"अर्धंच देतेयस म्हणून सही," तो म्हणाला. "चिकट ती चिकटच."

मग तिला शेजारच्या थिएटरात नेलं आणि त्याला आमच्याकडे. प्रगतीसाहेब हिरवा झगा घालून, टोपी उलटी घालून, जावईबापूंच्या शेजारी उभे होते. काकांनी पाणसळ लावली, बर्फाच्या भांड्यात सलाईनच्या सिरिंजा मांडल्या आणि भात्याकडे बघत उभे राहिले.

पोट उघडून दोन तास झाले होते. धमनीतला दाब घसरायला लागला. मॅडमनी विचारलं, "लिटर?"

जावईबापू आधीच तयार होते. हिरव्या अंकांत चार पूर्णांक तीन. आणि खाली एक सूचना लुकलुकली: हृदयाचा जोर कमी, द्रव वाढवा.

"बघा!" प्रगतीसाहेब म्हणाले. "विचारायच्या आत उत्तर. द्रव वाढवायचं ना?"

"थांबा. काका?"

काकांनी अंगठा दाबला. नऊ पूर्णांक चार. भाता बसला, दुसरी. नऊ पूर्णांक सहा. तिसरीच्या वेळी साहेब "म्हणजे कोणाचं खरं?" असं मोठ्यांदा म्हणाले आणि काकांचा अंगठा अर्धा श्वास आधी गेला. अकरा पूर्णांक आठ. "हा खोडा, माझ्या हाताचा," काका म्हणाले. चौथी आणि पाचवीही साडेनऊच्या आसपास.

चार की साडेनऊ? फरक आकड्यांपुरता नव्हता. चार खरं असेल तर हृदय थकलंय, त्याला चाबूक हवा आणि द्रव हवं. साडेनऊ खरं असेल तर हृदय जिवाच्या आकांताने धावतंय, रक्तवाहिन्या सैल आहेत म्हणून दाब पडतोय. त्या आवळणारं औषध हवं, आणि द्रव ओतलं तर नवीन यकृत आल्या आल्या फुगून बसेल. एका आकड्यावर उपाय करायचा तो दुसऱ्या आकड्याला अपाय.

"दोघांची सरासरी काढली तर?" प्रगतीसाहेबांनी सुचवलं. "साधारण सात."

"साहेब," काका म्हणाले, "एक जण म्हणतो पाहुणे आले, एक म्हणतो नाही आले. म्हणून अर्धे आले असं होत नाही."

मग त्यांनी चादरीखाली हात घातला आणि रुग्णाचं पाऊल धरलं. "मॅडम, पाय बघा. गरम आहे. ज्याचं हृदय चारच लिटर ढकलतंय त्याचे पाय असे भाकरीच्या तव्यासारखे नसतात."

मॅडमनी अन्ननलिकेत घातलेल्या दुर्बिणीसारख्या नळीचा पडदा स्वतःकडे वळवला. त्यात हृदय प्रत्यक्ष दिसतं. भरून येत होतं आणि पूर्ण आवळत होतं, नीट, जोरात. "साडेनऊ," त्या म्हणाल्या. "द्रव नको. आवळणारं औषध सुरू करा." दाब हळूहळू वर आला. जावईबापू वीस-वीस सेकंदांनी चार पूर्णांक तीन म्हणतच राहिले, घरात कुणी ऐकत नसतानाही सल्ला देणाऱ्या जावयासारखे.

मला वाटलं जिंकलो. मी प्रगतीसाहेबांकडे पाहिलं. ते वहीत काहीतरी लिहीत होते.

दुपारी नवीन यकृत जोडून झालं. आता शीर सोडायची. हा सगळ्यांत धोक्याचा क्षण. बर्फात ठेवलेल्या यकृतातून येणारं गार, आंबट रक्त एकदम हृदयावर जातं आणि हृदय दचकतं. "सोडतोय," उंच सर्जन म्हणाले. चिमटा निघाला. दाब कोसळला, ठोके मंदावले.

"काका, लिटर!" मॅडम म्हणाल्या.

काकांच्या हातात सिरिंज होती. भाता बसला. अंगठा हलला नाही.

"मॅडम, आत्ता माझा आकडा धरू नका," ते म्हणाले. "यकृतातलं गार रक्त येतंय. माझं गार पाणी त्यात हरवेल. मी मारलं तर आकडा येईल, पण तो खोटा येईल. आठ-दहा मिनिटं तुमच्या डोळ्यांनी चालवा."

मॅडमनी हृदय दाखवणारा पडदा पुन्हा स्वतःकडे वळवला. औषधं गेली. हृदय दचकलं, अडखळलं, मग सावरलं. दहा मिनिटांनी काकांनी पुन्हा मानेतल्या नळीला हात लावला. "आता विचारा," ते म्हणाले. आठ पूर्णांक आठ. संध्याकाळच्या आत चालकाच्या यकृतातून पित्त स्रवायला लागलं, म्हणजे यकृत कामाला लागलं. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्यावर त्याने पहिलं विचारलं, "ती कशी आहे?" दुसरं विचारलं, "परत तर मागत नाहीये ना?"

तुलनेचा अहवाल आठवड्यात आला. मी तो इतक्यांदा वाचलाय की पाठ आहे. 'पारंपरिक पद्धतीच्या कर्मचाऱ्याने एक आकडा स्वतःच रद्द केला, तसेच शस्त्रक्रियेच्या सर्वांत निर्णायक टप्प्यावर, आपला आकडा ग्राह्य धरू नये असे स्वतःच्या तोंडाने सांगितले. याउलट नवीन यंत्राने संपूर्ण शस्त्रक्रियेत एकदाही स्वतःबद्दल शंका व्यक्त केली नाही.'

मॅडमनी दोन पानी विरोध लिहिला. तो परिशिष्ट म्हणून जोडला गेला. परिशिष्ट म्हणजे जिथे खरं ठेवतात ती अडगळीची खोली. तरी त्यांनी भांडून एक ओळ मिळवलीच: 'भूलतज्ज्ञांना आवश्यक वाटल्यास जुनी पद्धत वापरता येईल.' वापरणार कोण, याबद्दल अहवाल काही म्हणत नव्हता. काकांची बदली खाली भांडारात.

"हात दाखवून अवलक्षण केलंत काका," मी चिडून म्हणालो. "गप्प बसून मारली असतीत सिरिंज, आला असता काहीतरी आकडा."

"आला असता," ते म्हणाले. "आणि मॅडमनी धरला असता. त्या माझं ऐकतात, पदवीधर. हीच तर पंचाईत आहे." मग हातभर नळीचा तुकडा गुंडाळून माझ्या खिशात कोंबला आणि जिना उतरून गेले. लिफ्ट अजून बंदच होती.

आता लिटर मी मोजतो. पहिल्या महिन्यात माझे पाचातले तीन आकडे खोडावे लागत, आता एखादा. पहिल्यांदा मोजायची वेळ आली तेव्हा कळलं, की मानेतल्या नळीला पडद्याशी जोडणारी केबल 'कालबाह्य साहित्य' म्हणून तळघरात जमा झाली आहे. मी धावत खाली गेलो. काका खिडकी नसलेल्या खोलीत खुर्चीवर बसले होते. मागे खोक्यांची रास, एखाद्या गवंड्याने ओळ धरावी तशी सरळ.

"केबल द्या काका. मॅडमना हवीय."

"अशी नाही मिळत." त्यांनी पावती पुस्तक काढलं. "कालबाह्य साहित्य बाहेर न्यायचं तर कारण लिहावं लागतं. काय लिहू?"

"रुग्ण."

"रुग्ण हे कारण यादीत नाही." विचार करून त्यांनी लिहिलं: 'तपासणीसाठी. दोन दिवसांत परत.' माझी सही घेतली.

त्याला सात महिने झाले. दर ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मला भांडारातून छापील स्मरणपत्र येतं: 'सदर केबल त्वरित परत करावी, अन्यथा कारवाई करण्यात येईल.' मागच्या बाजूला शिसपेन्सिलीने काहीतरी असतं. एकदा होतं, 'तिसरी पिन सैल आहे, वळवून लाव.' एकदा, 'रुग्ण जाड आहे म्हणे. बगलेत नीट मध्य शोध, अंदाजे नको.' परवाच्यावर होतं, 'काकूने विचारलंय, जेवतोस का.'

आज दुपारी ते स्वतःच जिना चढून वर आले. थिएटरच्या दारात थांबले. आत आले नाहीत.

"चोरा, केबल."

"उद्या आणून देतो काका."

"उद्या यकृत आहे ना?"

"मग परवा."

त्यांनी पावती पुस्तक उघडलं, 'दोन दिवसांत' खोडलं आणि वर 'परवा' लिहिलं.